एकाच दिशेला पाहणारे

प्रवासाची आखणी हा तारुण्यात प्रवासाचा सर्वांत लहान भाग असतो. उतारवयात तोच सर्वांत मोठा होऊन बसतो. विशीतल्या माणसाला निघण्यासाठी एखादे निमित्त पुरते. सत्तरीतल्या माणसाला निघण्याआधी स्वतःच्या देहाशी, डॉक्टरांशी, घरच्यांशी आणि अखेरीस सोबत्यांशी बोलणी करावी लागतात. लाटांवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, ज्यांनी आयुष्यभर खेळला त्यांच्या बाबतीत हा फरक अधिकच जाणवतो. कारण या खेळाच्या साऱ्या दंतकथा तारुण्याच्या आहेत. ब्रूस ब्राउन यांचा ‘द एन्डलेस समर’ हा चित्रपट १९६६ साली अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झाला. कॅलिफोर्नियातले दोन तरुण फळ्या काखोटीला मारून उन्हाळ्याच्या मागोमाग पृथ्वीप्रदक्षिणा करतात, एवढेच त्याचे सूत्र. फळी, मित्र आणि समुद्र यांपलीकडे माणसाला फारसे काही लागत नाही, असा विश्वास त्या चित्रपटाने एका पिढीला दिला. ती पिढी आता सत्तरी ओलांडते आहे. समुद्र आहे तिथेच आहे, मित्रही पुष्कळसे आहेत. फक्त बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी लांबली आहे.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा अटलांटिक महासागरात शिरलेला आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथले लोक प्लायवूडच्या आखूड फळ्यांवर पालथे पडून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येत. १९६०च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातून आलेल्या जीवरक्षकांनी न्यूकी या गावी फायबरग्लासच्या लांब फळ्या आणल्या आणि तिथली मुले लाटेवर उभी राहू लागली. त्या मुलांच्या पाठोपाठ समुद्रात उतरलेले चौघे मित्र अजून त्याच किनाऱ्यावर राहतात. एक भूगोलाचा निवृत्त शिक्षक, एक सुतार, एक निवृत्त परिचारिका आणि एक पोस्टमन. या शेवटच्याने चाळीस वर्षे तिथल्या चढणीच्या गल्ल्यांतून पायी टपाल वाटले.

१९७६ सालच्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. त्याच उन्हाळ्यात हे चौघे एका जुन्या फोक्सवॅगन गाडीच्या टपावर फळ्या बांधून बाहेर पडले. प्लिमथहून बोटीने फ्रान्समधल्या रॉस्कॉफला, तिथून दक्षिणेला बियारित्झपर्यंत आणि पुढे स्पेन व पोर्तुगालच्या किनाऱ्याने. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मरण पावला होता. पोर्तुगालमधली हुकूमशाही त्याच्या दीड वर्ष आधी, एप्रिल १९७४ मध्ये कोसळली होती. दोन देश मोकळा श्वास घेऊ लागले होते आणि या चौघांनी त्यांतले जवळजवळ काहीच पाहिले नाही. त्यांनी लाटा पाहिल्या. आता, अर्धशतक उलटल्यावर, त्यांना पुन्हा त्या किनाऱ्याला जायचे आहे. या वेळी प्लिमथहून थेट स्पेनमधल्या सान्तान्देरला जाणाऱ्या बोटीने. ती वाट १९७८ साली सुरू झाली आणि सुमारे वीस तासांची आहे.

लाटेवर स्वार होणाऱ्यांच्या मैत्रीची जातकुळी निराळी असते. या खेळातला बहुतेक वेळ खेळण्यात जात नाही, वाट पाहण्यात जातो. लाटा जिथे फुटतात त्याच्या थोडे पलीकडे, फळीवर दोन्हीकडे पाय सोडून, सगळे तोंड समुद्राकडे करून बसतात. बोलणे झालेच तर ते येणाऱ्या लाटेविषयी, वाऱ्याविषयी, ओहोटी कधी लागेल याविषयी. एकमेकांच्या शेजारी, पण एकाच दिशेला पाहत, अशी या चौघांची पन्नास वर्षे गेली. दूरवरच्या लाटेवरची आकृती कोणाची आहे, हे त्यांना खांद्याच्या ठेवणीवरून ओळखता येते. पण कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणाच्या घरात काय मोडले आहे, कोण कशाला भितो, यांतले फारसे काही कधी विचारले गेले नाही. विचारायला वळून पाहावे लागते, आणि वळून पाहणाऱ्याची लाट हुकते.

आखणी मात्र टेबलाभोवती बसून करावी लागते, आणि टेबलाभोवती माणसे समोरासमोर येतात.

आरंभ सोपा होता, कारण तो समुद्राचा होता. भूगोलाच्या शिक्षकाने नकाशे पसरले. सप्टेंबर महिना त्याने मुक्रर केला : शाळा सुरू झालेल्या असतात, किनाऱ्यांवरची गर्दी ओसरते, बिस्केच्या उपसागराचे पाणी कॉर्नवॉलपेक्षा ऊबदार असते आणि उत्तर अटलांटिकमधली शरदातली वादळे जागी होऊ लागतात. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचा जन्म किनाऱ्यावर होत नसतो, हे समजावून सांगण्याची त्याची जुनी हौस. दोन हजार किलोमीटर दूर एखादे वादळ पाणी घुसळते आणि तिथून लाटांच्या रांगा निघतात. ज्यांच्या दोन माथ्यांमध्ये चौदा सेकंदांचे अंतर असते, अशा लाटांचा समूह खोल समुद्रातून ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने चालतो आणि दोन दिवसांनी स्पेनच्या वाळूवर पोहोचतो. पाणी जागच्या जागी वरखाली होते. प्रवास करते ती ऊर्जा. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली अंटार्क्टिकाजवळच्या वादळांत उठलेल्या लाटांचा माग प्रशांत महासागर ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला होता. आज तसल्या गणिताचे फळ प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिसते. १९७६ मध्ये हे चौघे रेडिओवरचे जहाजांसाठीचे हवामानवृत्त ऐकून अंदाज बांधत. आता पाच दिवसांनंतरची लाट आधी कळते.

देहाचा अंदाज मात्र तसा कळत नाही, आणि दुसऱ्या बैठकीपासून आखणी देहाकडे वळली. मोठी, निजण्या-शिजवण्याची सोय असलेली गाडी भाड्याने घ्यावी, असा विचार होता. पण ब्रिटनच्या नियमांप्रमाणे साडेतीन टनांहून जड गाडी सत्तरीनंतर चालवायची, तर साधारणपणे वैद्यकीय तपासणीचा दाखला द्यावा लागतो. म्हणून गाडी लहान ठरली. लहान गाडीत कोण कुठे निजणार, हा प्रश्न आला, तेव्हा शिक्षकाला रात्रीतून तीनदा उठावे लागते हे कळले. रात्री गाडी कोण चालवणार यावरून सुताराच्या डोळ्यांतला मोतीबिंदू बाहेर आला. समोरच्या दिव्यांभोवती त्याला दोन वर्षांपासून वलये दिसत होती. त्याला अलीकडे ऐकू कमी येते, हे सर्वांना ठाऊक होते. कारण आता समजले. थंड पाणी आणि वारा यांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याने कानाच्या नळीत हाड वाढत जाते आणि वाट अरुंद होते. परिचारिकेचा एक गुडघा कृत्रिम होता. पालथ्या अवस्थेतून एका झटक्यात फळीवर उभे राहणे तिने केव्हाच सोडले होते. ती आधी एक गुडघा टेकते आणि मग उठते, हे तिघांनी पाहिले होते, पण त्यावर कोणी बोलले नव्हते. या बैठकीत हसणे पुष्कळ झाले. आपापल्या मोडतोडीची बेरीज करताना म्हाताऱ्या मित्रांना एक प्रकारची चढाओढही लागते.

तिसऱ्या बैठकीत विम्याचा अर्ज होता. परदेशात आजारपण आले तर खर्च कोण सोसणार, हा सत्तरीतल्या प्रवाशाचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर प्रत्येकाच्या आधीच्या दुखण्यांच्या यादीवर अवलंबून असते. दुखणे लपवले तर ऐन वेळी विमा निकामी ठरू शकतो. शिक्षक प्रश्न वाचत गेला आणि उत्तरे लिहीत गेला. पोस्टमनची पाळी आली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने उजवा हात टेबलाखालून काढून टेबलावर ठेवला. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचे सांगितले होते. हिवाळ्यात पाण्यात न येण्याचे कारण म्हणून तो जे खांद्याचे दुखणे सांगत होता, ते दुखणे खांद्याचे नव्हते.

“मला ठाऊक होतं,” परिचारिका म्हणाली. चालताना त्याचा उजवा हात हलेनासा झाला होता, चेहऱ्यावरची हालचाल मंदावली होती. तीस वर्षे रुग्णालयात काढलेल्या बाईच्या नजरेतून ते सुटणारे नव्हते. त्याने सांगितले नाही म्हणून तिने विचारले नाही, आणि तिने विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही. एक वर्षभर दोघेही समुद्राकडे पाहत राहिले होते.

पोस्टमनने तिथल्या तिथे आपले नाव मागे घेतले. आपल्यामुळे बाकीच्यांचा प्रवास पांगळा होऊ नये, असे त्याचे म्हणणे. शिक्षकाने सुचवले की प्रवास पुढच्या वर्षावर टाकावा. औषधे बदलून पाहता येतील. यावर परिचारिका जे बोलली ते कठोर होते. हा आजार सावकाश चालतो, पण उलट्या पावली चालत नाही. पुढचे वर्ष यंदापेक्षा बरे असण्याचे काहीच कारण नाही. मग तिने धोकेही तितक्याच स्पष्टपणे मांडले. गार पाण्यात स्नायू आणखी आखडतील. औषधाचा अंमल ठरावीक तासच टिकेल. तोल जाईल. आणि या आजारात जन्मभराचे पोहणेसुद्धा अचानक दगा देऊ शकते. तेव्हा जायचे तर कमरेएवढ्या पाण्यापलीकडे नाही, एकट्याने नाही आणि उभे राहून नाही.

“मग त्याला सर्फिंग कशाला म्हणायचं?” पोस्टमनने विचारले.

प्रश्न खोटा नव्हता. ज्याने पन्नास वर्षे लाटेवर उभे राहण्यात आपली ओळख ठेवली, त्याला ‘आडवे पडून चालेल’ असे सांगणे ही दिलाशाची नव्हे, पदावनतीची भाषा वाटते. उत्तर सुताराने दिले, आणि ते सांत्वनाचे नव्हते, माहितीचे होते. उभे राहणे ही या खेळाची एकमेव रीत कधीच नव्हती. ज्या हवाई बेटांवरून हा खेळ जगात पसरला, तिथे सरदारांच्या लांबलचक फळ्या होत्या तशा पोटावर पडून लाट पकडण्याच्या आखूड फळ्याही होत्या. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती १९२२ साली दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा लाटेवर आल्या त्या पातळ फळीवर पालथ्या पडूनच. आणि कॉर्नवॉलमध्ये तर तीच मूळची रीत. ऑस्ट्रेलियन आले ते मागाहून. “तुझ्या आजोबांच्या पिढीनं जे केलं, त्याला तू काय म्हणशील?” एवढेच सुताराने विचारले.

आपल्याकडे पूर्वी काशीयात्रेला निघणारी वृद्ध माणसे आधी निरवानिरव करीत. देणीघेणी मिटवायची, रुसलेल्यांना भेटायचे, किल्ल्या सुनेच्या हाती द्यायच्या. कारण परत येण्याचा भरवसा नसे. या चौघांच्या आखणीत त्या निरवानिरवीचा काही अंश उतरला, पण तिचा रोख उलटा होता. यात्रेकरू मागे राहणाऱ्यांशी हिशेब मिटवून निघे. या मित्रांना बरोबर येणाऱ्यांशी हिशेब मांडावा लागला. पन्नास वर्षांची जी मैत्री न विचारण्यावर उभी होती, तिला पाच दिवसांचा किंवा तीन आठवड्यांचा सहवासही यापुढे न विचारता झेपणार नव्हता. तारुण्यात मित्राच्या खासगीपणाचा मान राखणे म्हणजे गप्प राहणे. वृद्धपणी त्याच गप्प राहण्यात मित्र बुडू शकतो.

नवा तक्ता तयार झाला. त्यात पहिला रकाना औषधांच्या वेळांचा आणि दुसरा भरती-ओहोटीचा आहे. दिवसाला तीन तासांहून अधिक गाडी चालवायची नाही, अंधार पडल्यावर मुळीच नाही. २०२१ पासून ब्रिटिश प्रवाशाला युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्यांतले एकवीस दिवस यांना पुरेसे आहेत. बास्क किनाऱ्यावरचे मुन्दाका तक्त्यात आहे. तिथे नदीच्या मुखाशी साठलेल्या वाळूवर युरोपातली एक विख्यात लाट फुटते. नदीतला गाळ उपसल्यानंतर ती वाळू विस्कटली, लाट नाहीशी झाली आणि २००५ साली तिथली जागतिक स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे वाळू पुन्हा साचली आणि लाटही परतली. त्या लाटेवर आता चौघांपैकी कोणीही जाणार नाही. धक्क्यावर बसून ती पाहायची आहे, असे तक्त्यात लिहिले आहे. उतरायचे ते पुढे, उथळ वाळूच्या रुंद किनाऱ्यांवर.

पाण्याच्या काठाशी ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार परिचारिकेला द्यावा, असे शिक्षकाने सुचवले. पोस्टमनने तो मान्य केला, पण एका अटीवर : नियम त्याच्या एकट्यासाठी नसावा. शिक्षकाचे हृदय, सुताराचे डोळे, परिचारिकेचा गुडघा. प्रत्येकाला ‘आता पुरे’ म्हणणारा दुसरा कोणी तरी हवा. यावर वाद झाला, आणि या साऱ्या आखणीतला सर्वांत लांबलेला वाद तोच. इतरांची काळजी घ्यायला सगळे तयार होते. स्वतःवर दुसऱ्याचा शब्द चालू द्यायला कोणी तयार नव्हते. अखेर चार नावांपुढे चार नावे लिहिली गेली. परिचारिकेच्या नावापुढे पोस्टमनचे नाव आहे.

बोटीची तिकिटे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची निघाली. सुताराने प्लायवूडचा एक पातळ तक्ता आणून ठेवला. अशा फळीचे पुढचे टोक वाफेवर मऊ करून वर वळवावे लागते, नाहीतर ते पाण्यात घुसते. फळी माणसाच्या मापाची असावी लागते, म्हणून एका दुपारी त्याने पोस्टमनला कार्यशाळेत बोलावले. पोस्टमन सरळ उभा राहिला. उजव्या हाताचा कंप त्याने या वेळी खिशात लपवला नाही. सुताराने टेप जमिनीपासून त्याच्या छातीपर्यंत ओढली, आकडा नीट दिसेना म्हणून चष्मा लावून पुन्हा वाचला, आणि पेन्सिलीने लाकडावर खूण केली.