संदकफूच्या चढावरची जुनी लँड रोव्हर आणि तिचा हीटर

दार्जिलिंगला गेलेले बहुतेक जण टायगर हिलचा सूर्योदय, टॉय ट्रेन आणि गरम मोमोज एवढ्यावर समाधान मानून परततात. तुमच्या हातात आणखी दोन दिवस असतील तर मानेभंज्यांगला जा. नेपाळच्या सीमेला टेकलेल्या या छोट्या गावात 1950 च्या दशकातल्या लँड रोव्हर रांगेने उभ्या दिसतील. त्या प्रदर्शनात मांडलेल्या नाहीत. आजही त्या प्रवासी घेऊन 3636 मीटर उंचीच्या संदकफूला जातात. चहामळ्यांच्या इंग्रज साहेबांनी त्या इथे आणल्या, असं गावात सांगतात.

अंतर फक्त 31 किमी, पण चार तास सहज जातात. चित्रे, तुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी अशी एकेक वस्ती मागे पडते. रस्ता बराच सुधारला असला तरी चढ तेच आहेत. आपल्या वरंध घाटाची सवय असलेला माणूसही इथे दांडी घट्ट धरून बसतो. आकाश स्वच्छ असेल तर वरून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट दोन्ही दिसतात. आणि थंडी? हातमोज्यातही बोटं बधिर करणारी.

आता तुम्ही विचाराल, इतक्या जुन्या गाडीत हीटर असतो का? या गाड्या नव्या होत्या तेव्हा हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागायचा. त्यामुळे काहींत तो आहे, काहींत नाही आणि काहींत असूनही तोडून टाकलेला आहे. हे तोडणं समजून घेण्यासारखं आहे.

हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनात तापलेलं पाणी एका रबरी पाइपने त्यात येतं, पंखा त्यावरून हवा फेकतो आणि दुसऱ्या पाइपने पाणी परत वॉटर पंपाकडे जातं. वाया जाणारी उष्णताच वापरायची, म्हणून खर्च काही नाही. पण साठ-सत्तर वर्षांनी आतल्या पातळ नळ्या गंजतात आणि झिरपू लागतात.

आमच्या गाडीत चित्रे मागे पडल्यावर तेच झालं. आधी गोडसर वास आला, मग समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं धरलं आणि पुढे बसलेल्या आईचे बूट ओले झाले. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर समजा, हीटर गळतोय. त्या धुक्यातून ड्रायव्हरला वळण दिसत नाही आणि एका बाजूला दरी असते. शिवाय कूलंट चवीला गोड पण विषारी असतं, म्हणून सांडलेल्या जागेजवळ मुलांना फिरकू देऊ नका.

आमच्या दाजूंनी, म्हणजे नेपाळीत थोरल्या भावाने, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन निवेपर्यंत चहा प्यायला लावला. मग इंजिनाकडून येणारा पाइप हीटरवरून काढून थेट परतीच्या नळीला जोडला, क्लिप आवळली, पाणी भरलं. झाला बायपास. (बायपास म्हटल्यावर आईने आधी छातीवर हात ठेवला होता.)

दोन्ही तोंडं बुचं मारून बंद का नाही केली? काही जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला हीटरचाच रस्ता असतो. तो अडवला तर इंजिनाचा एखादा भाग जास्त तापतो. पाणी फिरतं ठेवणं केव्हाही सुरक्षित.

माझ्या मते मुंबई किंवा चेन्नईतली हौसेची जुनी गाडी असेल तर हा बायपास वर्षानुवर्षं राहू द्या, काही बिघडत नाही. डोंगरात मात्र तो गावी पोहोचण्यापुरताच. एक तर काचेवरचं दव उडवायला गरम हवा उरत नाही. दुसरं, चढावर इंजिन तापलं की जुने ड्रायव्हर हीटर पूर्ण उघडतात, कारण तो जादा रेडिएटरचं काम करतो. तो आधारही जातो. आणि बंद हीटरमध्ये साधं पाणी राहिलं तर रात्री त्याचा बर्फ होतो. बर्फ सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतो. बारीक भोकाच्या जागी मग नळी उभी फाटते. म्हणून हीटर पंपाच्या हवेने रिकामा करून ठेवावा.

दुरुस्ती फार अवघड नसते. जुना हीटर तांब्या-पितळेचा असतो, त्यामुळे रेडिएटरचं काम करणारा कारागीर तो झाळून देऊ शकतो. मग हवा भरून पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे येतात का पाहायचं, अगदी पंक्चरवाल्यासारखं. सोबत रबरी पाइपही नवे घाला. अॅल्युमिनियमचा नवा हीटर मात्र सहसा बदलावाच लागतो.

उंचीची एक गंमत लक्षात ठेवा. संदकफूला उघड्या भांड्यातलं पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी त्याहून गरम असूनही शांत असतं. घाईने झाकण फिरवलंत की ते क्षणात उसळून अंगावर येतं. मुंबईत जे पाणी नुसतं वाफाळलं असतं, तेच इथे भाजतं.

सिंगालिला राष्ट्रीय उद्यान 15 जून ते 15 सप्टेंबर बंद असतं. डोंगर बघायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि लाल गुरांस फुललेला बघायचा तर एप्रिल. गाडी ठरवताना हीटर चालू आहे का, हे आधीच विचारा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. हीटर चालू असेल तर पुढची सीट घरातल्या ज्येष्ठांना द्या. मागे त्याची ऊब पोहोचत नाही, तिथे शालच हवी.