निवास व न्याहारी

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आपल्या एका योजनेला 'निवास व न्याहारी' असे नाव दिले आहे. घरमालकाने राहत्या घरातल्या खोल्या प्रवाशांना द्याव्यात, सकाळी खायला घालावे आणि त्याचे पैसे घ्यावेत, अशी ही योजना. सरकारी कागदात 'न्याहारी'सारखा खमंग शब्द सापडावा, याचे मला मराठीचा प्राध्यापक म्हणून कोण कौतुक! गेल्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकदाचे हातावेगळे झाले, आणि वाईच्या एका जुन्या वाड्यात ही सोय आहे असे कळताच मी तिथेच उतरायचे ठरवले. शब्दावर भाळून मुक्काम ठरवणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा करावा, हे आमच्या सौभाग्यवतींना विचारा.

दिंडीतून वाकून आत गेलो. माणसाला वाकायला लावणारी दारे मला आवडतात. चौक, चौकात तुळस, भोवती ओसरी, वर काळवंडलेले कडीपाट. मालक, म्हणजे काका, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. काकू हसतमुख. ओसरीवर एक वृद्ध आजी वाती वळीत बसल्या होत्या. "कुठले?" त्यांनी विचारले. "मूळचे कऱ्हाडचे, आता पुण्याला," मी म्हणालो. "मास्तर का?" हे त्यांना कशावरून कळले, देव जाणे.

आमची खोली ओसरीलगतची. नदीकडे खिडकी, मोठा शिसवी पलंग, कोनाड्यात निरांजनाची काजळी. पलंगाशेजारी भिंतीत एक लाकडी मूठ ठोकलेली होती. "जुन्या काळी तलवार टांगत असतील," असे मी कन्येला सांगितले. वाड्यात शिरले की मराठीच्या प्राध्यापकाला तलवारच आठवते.

दिवस छान गेला. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ सालचे, रास्त्यांनी बांधलेले. त्याची मागली भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी जावे, ही योजना. मग मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आणि घाटावरची ती प्रचंड घंटा पाहिली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा हाती आलेली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा. महादेवाच्या दारी ती बिचारी कितीतरी वर्षे मुक्कामाला आहे. तिच्याकडून मात्र कोणी भाडे घेत नाही. उलट आता सिनेमावालेच या घाटाचे चाहते झाले आहेत. २००४ च्या 'स्वदेस'चे चित्रीकरण इथलेच.

रात्री मात्र झोपेचे खोबरे झाले. लाकडी भिंतीपलीकडे, माजघरात, कोणीतरी खोकत होते. थांबे, पुन्हा सुरू होई. दोन वाजता मी दिवा लावला. टेबलावर पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही होती, ती उघडली. नाना तऱ्हेचे पाहुणे! एकाला थालीपिठाने आईची आठवण झाली होती. एकाला नळाला धार कमी वाटली. एका इंग्रज बाईने तुळशीचे चित्रच काढले होते. एकाने 'एतिहासीक' लिहिले होते. मी सवयीने दुरुस्त केले. आणि तीन-चार ठिकाणी ओळी खोडल्या होत्या, वाचता येऊ नयेत इतक्या गिरवून. परीक्षक म्हणून मला खोडलेल्या मजकुराचे फार कुतूहल असते; पण तेव्हा माझा राग ताजा होता. मी पेन काढले आणि लिहिले : 'व्यवस्था उत्तम. मात्र शेजारच्या खोलीतील सततच्या खोकण्यामुळे झोप होऊ शकत नाही. पैसे घेताना पाहुण्यांच्या विश्रांतीचा विचार व्हावा.' खाली सही. सहीखाली एम. ए.

सकाळी ओसरीवर न्याहारीला बसलो. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, ताजे ताक. "खोलीत वारा चांगला येतो ना?" काकू वाढता वाढता म्हणाल्या, "आईंची खोली ती. पाहुणे असले की त्या माजघरात पडतात. रात्री उठायला त्यांना ती मूठ लागते, पण म्हणतात, चालेल."

घास घशात अडकला. कन्येने माझ्याकडे पाहिले. पहिला विचार काय आला सांगू? मुलाने म्हाताऱ्या आईची खोली भाड्याने द्यावी! दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तोंडही उघडले होते. मग आमची जागा आठवली. कऱ्हाडला आमचाही वाडा होता. २००९ साली आम्हा भावांच्या सह्या झाल्या आणि तो गेला. आई माझ्याकडे पुण्याला आली. शेवटची सहा वर्षे ती हॉलमधल्या दिवाणावर झोपत असे. माझे मित्र रात्री अकरा-अकरापर्यंत साहित्यावर बोलत बसत आणि ती स्वयंपाकघरात पाटावर पेंगत राही, कारण आम्ही तिच्याच अंथरुणावर बसलेलो असू. आम्हांला तर त्याचे कोणी पैसेही देत नव्हते.

मी ताक प्यायलो आणि गप्प राहिलो.

निघायच्या वेळी आजींनी हाक मारली. "मास्तर, वहीत काय लिहिलंत ते वाचून दाखवा. मला आताशा दिसत नाही. प्रत्येकाचं वाचून घेते मी."

वही हातात घेतली. शाई वाळून पक्की झालेली. मी वाचू लागलो, म्हणजे वाचण्याचे सोंग करू लागलो : वाडा पाहून धन्य झालो, थालीपीठ अवीट, घरच्यांसारखी माया. वीस वर्षे वर्गात बोललो, पण इतके घसरत कधी बोललो नाही.

"आणि खोकल्याचं?" आजी म्हणाल्या.

मी खाली पाहिले.

"दोन वाजता तुमच्याकडे दिवा लागला, तेव्हाच म्हटलं, मास्तर लिहायला बसले." त्या हसल्या. "दर उन्हाळ्यात कौलं उतरवून शाकारावी लागतात. वाळवी तर तुळया सोडत नाही. खोली दिली म्हणून वाडा उभा आहे. नाही तर आमच्याही पोरांनी केव्हाच सह्या केल्या असत्या."

मी खिशातले पेन काढले.

"खोडू नका हो," काकू आतून म्हणाल्या, "सगळे खोडतात. वही घाण दिसते."

काकांनी पावती आणली, मी पैसे मोजले. सामान रिक्षात ठेवून चष्म्यासाठी पुन्हा आत आलो, तेव्हा खोलीतली चादर बदललेली होती आणि आजी मूठ धरून सावकाश आपल्या पलंगावर टेकत होत्या. नवी मंडळी चारला यायची होती.