नाताळच्या सुट्टीत लंडनच्या बागा

मैत्रिणींनो, लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी लंडनला जाऊन आलेल्या एखादीला विचारा, "काय काय पाहिलंत हो?" पुष्कळदा हसत हसत उत्तर येतं, "स्वयंपाकघर आणि पाळणा!" तीन-तीन महिने राहायचं आणि शहर न पाहताच परतायचं, हे आपल्याला नवं नाही. म्हणूनच सांगते, मुक्काम डिसेंबरात असेल तर २५ तारीख स्वतःसाठी राखून ठेवा. त्या दिवशी घरातली सगळी घरीच असतात. बाळाकडे बघायला माणसं असतात. सुट्टी म्हणजे बाईला दुप्पट रांधणं, हा नियम एक दिवस मोडला तर बिघडत नाही!

नाताळ म्हटलं की रोषणाई नि गर्दी डोळ्यांपुढे येते. पण ती आदल्या दिवसापर्यंत. प्रत्यक्ष नाताळला भुयारी रेल्वे बंद, लाल बसगाड्या बंद, संग्रहालयं बंद, बहुतेक दुकानंही बंद. उघडं असतं ते हाइड पार्क. तिकीट नाही की रांग नाही. मात्र पायी पोचता येईल इतकं घर जवळ हवं, नाहीतर जावईबापूंना गाडी काढायला सांगावं.

ही बाग ३५० एकरांची. आठव्या हेन्री राजाने १५३६ साली ही जमीन मठाकडून घेतली, ती स्वतःच्या शिकारीसाठी. पुढे १६३७ साली पहिल्या चार्ल्सने ती लोकांना खुली केली. राजाच्या रानात आज तुम्ही-आम्ही साडीवर कोट चढवून खुशाल फिरावं!

सकाळी नऊच्या आधी सर्पेंटाइन तळ्याचा काठ गाठा. तिथल्या पोहणाऱ्यांच्या क्लबाची नाताळची शर्यत १८६४ पासूनची. अंतर अवघं १०० यार्ड, पण पाणी बर्फासारखं! केस पिकलेली मंडळीही त्यात बेधडक उतरतात. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९०४ साली या शर्यतीला चषक दिला.

तिथून पश्चिमेला चालत गेलात की केन्सिंग्टन गार्डन्स लागते. इथे पीटर पॅनचा पुतळा आहे. १९१२ साली तो रातोरात उभा केला, सकाळी मुलांना अचानक दिसावा म्हणून. गंमत म्हणजे इथल्या झाडांवर आपल्याकडच्या जातीचे हिरवे राघू ओरडत असतात. परक्या थंडीत ती ओळखीची किलबिल ऐकून बरं वाटतं. त्यांना पोळीचा तुकडा मात्र टाकू नका. पाखरांना काही खायला घालू नये, अशी तिथली विनंती असते.

पायांत बळ असेल तर पूर्वेकडे वळा. ग्रीन पार्क ओलांडून सेंट जेम्स पार्कात जा. तिथे पेलिकन पक्षी दिसतील. १६६४ साली रशियाच्या वकिलाने राजाला ते प्रथम भेट दिले, तेव्हापासून त्यांचं बिऱ्हाड तिथे आहे. केन्सिंग्टनच्या राजवाड्यापासून इथवर पाचेक किलोमीटर होतात, पण बहुतेक वाट झाडांखालून जाते.

निघताना थर्मासभर चहा आणि दशम्या बरोबर घ्या, कारण उपाहारगृहाचा भरवसा नाही. मोजे दोन जोड घाला, छत्री घ्या. चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि केन्सिंग्टन गार्डन्सची फाटकं अंधार पडता पडता लागतात, तेव्हा वेळेचं भान ठेवा.

आणि सारखं चालूच नका. एखाद्या बाकावर नुसत्या बसा. काही बाकांवर गेलेल्या माणसाच्या आठवणीची पाटी असते, तीही वाचा. घड्याळ नाही, कुकरची शिट्टी नाही, कुणी हाक मारत नाही. असा तास आपल्या वाट्याला किती वेळा येतो, सांगा बरं? संध्याकाळचा भात टाकायला घरात माणसं आहेत. तो एक दिवस थोडा गिचका झाला, तरी गोड मानून खा!