आपल्या वाइनमधले पाणी

बिबवेवाडीहून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकावयास जाणारी विद्यार्थिनी एका वाक्प्रचारापाशी अडते : ‘मेत्र द लो दाँ सोँ व्हँ’, शब्दशः ‘आपल्या वाइनमध्ये पाणी घालणे’. ‘नमते घेणे’ हा पर्याय सुचतो, पटत नाही. नमते घेणे, पड खाणे, माघार घेणे या साऱ्यांत समोर प्रतिपक्ष उभा असतो. आणि घरच्या कलहात पड खाण्याचा उपदेश बहुधा तिलाच होतो. फ्रेंचमध्ये कोणी कोणापुढे वाकत नाही. आपलाच आग्रह आपल्याच हाताने सौम्य करावयाचा. (जेवताना पाणी मिसळून वाइन पिण्याचा प्रघात तिकडे जुनाच.) मराठी मनाला मात्र त्या पाण्याने दुधातली भेसळच आठवते. ‘सबुरी’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आली, रुळली. पण तीही सहसा दुर्बळालाच सांगितली जाते.