उपासाच्या पिठातला बांगडा

रविवारी सकाळी ऑफिसचा लॅपटॉप उघडायचा नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. (वर्षातून चार-पाच वेळा मोडतो, पण नियम आहे.) गेल्या दीड वर्षात त्याला एक पोटनियम जोडला गेलाय. रविवारी सकाळी बाबाने मासळी बाजारात जायचं आणि दुपारी मासे बाबानेच तळायचे. आता मी मालवणी असलो तरी फक्त खाणारा मालवणी. तळण्याचं खातं कायम आईकडे. ते माझ्याकडे कसं आलं आणि त्यात उपासाचं पीठ कसं घुसलं, त्याची ही गोष्ट.

तर झालं असं. आमची चिऊ (खरं नाव वेगळं, पण घरात हेच) साडेपाच वर्षांची होईपर्यंत नुसती काडी. पोट तेवढं पुढे. खेळायला खाली गेली की दहा मिनिटांत परत, "बाबा, पाय दुखतात." वजनाचा काटा महिनोन्महिने हलेना. जंतांचं औषध झालं, लोहाचं टॉनिक झालं, "काही मुलांची चणच लहान असते" हेही ऐकून झालं.

आईने तिचे उपाय केव्हाच चालू केले होते. अशक्त पोराला आपल्याकडे काय देतात? गव्हाचं सत्त्व! गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा, तो वाळवायचा आणि दुधात शिजवून भरवायचा. गुडघे दुखत असताना आईने हे सगळं केलं, दोनदा केलं. वर तुपातला शिरा, गव्हाची खीर. पोरगी आणखीच वाळली.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी करायला सांगितली. नंतर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडाही काढला. निदान झालं, सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. आपल्या लहान आतड्याच्या अस्तराला आतून मखमलीसारखी लव असते, तीच अन्न शोषून घेते. हा आजार असलेल्याच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती त्या लवेवरच हल्ला करते आणि ती झिजत जाते. मग कितीही खा, अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू बंद, तोही आयुष्यभर, एवढाच उपाय.

हे ऐकून आई काही बोलली नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तर ओट्यावर सत्त्वाचा डबा धुऊन पालथा घातलेला. दुसऱ्या दिवसापासून तिने चिऊसाठी काही करायचंच सोडून दिलं. सगळ्यांचा स्वयंपाक करायची, चिऊचं ताट मात्र बायकोने वाढायचं. "तूच बघ गो, माझ्या हातून काहीतरी चुकायचं," एवढंच.

मी आपला माझ्या पद्धतीने तिला समजवायला गेलो, म्हणजे माहिती घेऊन. हा आजार डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होता, पण दोष गव्हाचा आहे हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. हॉलंडमधले विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना १९३०च्या दशकापासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे भीषण दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला आणि इतर मुलांची दैना होत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारताना दिसली. डिकेंनी पुढे मुलांच्या आहारात गहू देऊन आणि काढून पडताळा घेतला आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला.

आईने ऐकून घेतलं. "म्हणजे तोवर डॉक्टरही पोरांना गहूच देत होते?"

"बरेच जण, हो."

"हं," म्हणाली आणि लसूण सोलत बसली. आमच्या सगळ्या टेक्निकल प्रेझेंटेशन्सना असाच प्रतिसाद मिळतो.

असो. आता येतो माशांकडे. चिऊला आज्जीचा कुरकुरीत मासा म्हणजे जीव की प्राण. बांगड्याला आगळ, हळद, मीठ, तिखट लावायचं आणि तव्यावर टाकायच्या आधी रव्यात घोळवायचं. रवा म्हणजे गहूच! निदानानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही मूर्खपणा केला. आमच्या ताटात रवा लावलेले बांगडे आणि चिऊच्या ताटात नुसताच भाजलेला तुकडा. तिने एकदा माझ्या ताटाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या. "माझ्या माशाला कपडे का नाहीत?" आणि भोकाड पसरलं. आई ताटावरून उठून गेली.

तुम्ही म्हणाल, मग तांदळाचं पीठ लावा की. कोकणात निम्मी घरं तेच लावतात, तांदळात ग्लुटेन नसतं. अगदी बरोबर. पण आमचं तांदळाचं पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून यायचं. आमच्या आधी कुणीतरी दहा किलो गहू दळून नेलेले असतात, त्याची पूड जात्यात, नळकांड्यात सगळीकडे. बेसनाचं, ज्वारीचं तेच. आपल्या एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन हवं. गिरणीतलं पीठ या परीक्षेत कसं पास होणार?

मग मी फ्रिजवर यादी लावली, काय चालत नाही त्याची. गहू, मैदा, रवा, शेवया, दलिया, पाव, बिस्किटं... यादी वाढतच गेली. हिंगसुद्धा त्यात गेला, कारण आपल्याकडच्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आई यादीसमोर चष्मा लावून उभी राहायची आणि तशीच परत जायची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही ब्लॅकलिस्ट. तिचा प्रॉब्लेम असा की ती कधीच पूर्ण होत नाही. एक नाव राहिलं की भोक पडलं.

तोडगा निघाला तो एका सोमवारी. आईचा उपास होता, ती राजगिऱ्याचं थालीपीठ खात होती. चिऊ शेजारी जाऊन बसली. "आज्जी, हे मला चालतं?"

आईचा हात थांबला. मग सावकाश म्हणाली, "चालायला हवं गो. हे धान्य नव्हेच."

मी लॅपटॉपवरून वर पाहिलं. (सोमवार होता, लॅपटॉप अलाऊड होता.) मंडळी, आपल्याकडे शेकडो वर्षं चाललेली एक व्हाइटलिस्ट आहे आणि ती आईला तोंडपाठ आहे! उपासाला धान्य चालत नाही. काय चालतं ते ठरलेलं: राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे. राजगिरा गवताच्या कुळातला नाहीच, शिंगाडा हे तळ्यातलं फळ, साबुदाणा कंदाच्या पिठाचा. ग्लुटेन कशातच नाही. यादी शास्त्रीयदृष्ट्या काटेकोर आहे असं नाही. वरई उपासाला चालते पण ती तृणधान्यच आहे. मात्र तिच्यातही ग्लुटेन नसतं, त्यामुळे आमचं काम भागतं. फायरवॉल अशीच लावतात. आधी सगळ्यांना दार बंद, मग ओळखीच्यांना आत घ्यायचं.

"आई, बांगडा शिंगाड्याच्या पिठात घोळवला तर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू देव्हाऱ्यात सुकट वाळत घातलीये. उपासाचा डबा आमच्या घरात वेगळ्या फळीवर असतो, त्याला खरकटा हातसुद्धा लागत नाही. "उपासाच्या पिठात मासळी? शिरा पडो तुझ्या अकलेवर." विषय संपला.

मी माझं सामान वेगळं आणलं. पीठही विकतचं नको, कारण तेही कुठल्यातरी गिरणीतच दळलेलं. सुके शिंगाडे, राजगिरा, साबुदाणा आणला आणि नव्या मिक्सरच्या भांड्यात घरीच दळलं. शिंगाडे दगडासारखे असतात, आधी बत्त्याने फोडावे लागतात. तवा नवा, उलथणं नवं. आणि प्रयोग सुरू केले.

रविवार पहिला: नुसता राजगिरा. भराभर काळा पडला, कडवट लागला. चिऊने एक घास खाल्ला आणि "थँक्यू बाबा" म्हणाली. हे तिचं नापास करायचं सभ्य वाक्य आहे.

रविवार दुसरा: साबुदाणा जाडसर दळून, रव्याची नक्कल म्हणून. दिसायला झकास, पण कोरडा साबुदाणा तेवढ्या वेळात शिजत नाही. दाताखाली वाळू.

रविवार तिसरा: नुसता शिंगाडा. कुरकुरीत, पण गोडसर आणि गार झाल्यावर टणक.

चौथ्या रविवारी तिन्हींची भट्टी जमत आली होती, पण कवच माशाला सोडून तव्यालाच चिकटत होतं. मी उलथण्याने झटापट करत होतो. मागून आवाज आला, "मासो ओलो आसा. पुसल्याशिवाय कसा धरात?" आई दारात उभी होती. मग पुढे आली, गॅस कमी-जास्त केला, माझ्या हातातून उलथणं काढून घेतलं आणि म्हणाली, "हलवू नकोस. सुटलो की तोच सांगता."

निदानानंतर तिने चिऊसाठी केलेला तो पहिला घास.

आता कृती, ज्यांना हवी त्यांच्यासाठी. चार मध्यम बांगडे साफ करून, चिरा पाडून. दोन मोठे चमचे आगळ, अर्धा चमचा हळद, मीठ, एक चमचा बेडगी तिखट (मुलांसाठी एवढंच), आलं-लसूण-कोथिंबिरीचं घट्ट वाटण. अर्धा तास मुरू द्यायचं. मग सुटलेलं पाणी निथळून वरून हलकं टिपून घ्यायचं. पीठ असं: दोन भाग शिंगाडा, एक भाग साबुदाणा अगदी बारीक, एक भाग राजगिरा आणि चिमूटभर मीठ. घोळवायचं ते तव्यावर टाकायच्या क्षणीच. आधी घोळवून ठेवलं की पीठ पाणी ओढतं आणि चिखल होतो. तीन मोठे चमचे तेल, तवा नीट तापलेला, आच मध्यम, एका बाजूला चारेक मिनिटं. कडा सुटल्याशिवाय उलटायचं नाही. तळून झाल्यावर कागदावर नको, जाळीवर ठेवायचं. कागदावर वाफ खाली अडकते आणि कवच मऊ पडतं. मुलांना द्यायच्या आधी मधला काटा अख्खा ओढून काढायचा, बाजूचे बोटांनी चाचपून काढायचे.

सुरमई का नाही? तिला काटे कमी, हे खरं. पण मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, म्हणून लहान मुलांना ती रोजची नको. बांगडा, मांदेली, मुडदुशी बऱ्या. बांगड्यात ओमेगा-३ भरपूर, शिवाय खिशाला परवडतो. तेलही भरल्या कढईपेक्षा कितीतरी कमी लागतं. आणि हो, धान्य सोडलं की सगळ्यांचं कल्याण होतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. घरी दळलेलं तांदळाचं पीठ चिऊला आता खुशाल चालतं, भात तर ती रोज खाते. माशाला मात्र हेच लागतं, कारण तिला हेच आवडतं.

खरी परीक्षा झाली गेल्या मे महिन्यात, गावी. आत्या, काका, सगळी भावंडं मिळून चौदा पोरं. मी चिऊचा तवा आणि पिठाचा डबा बॅगेतून नेला होता. आई चुलीसमोर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज सगळ्यांका एकच पीठ." रवा बाहेर काढूच दिला नाही. चौदाच्या चौदा पोरं ओळीत बसली आणि एकाच तव्यावरचे बांगडे खाऊन उठली. कुणी विचारलंही नाही की कशात घोळवलेत म्हणून. चिऊ तीन खाऊन चौथा मागत होती. तिचं ताट वेगळं नाहीये, हे तिच्या खूप उशिरा लक्षात आलं. माझ्या आणि आईच्या मात्र तेव्हाच आलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, चुलीत धूर फार होता.

चिऊचं वजन वर्षभरात साडेतीन किलोंनी वाढलंय. पाय दुखतात म्हणून घरी येत नाही, हाका मारून आणावं लागतं.

ता. क. - मागच्या एकादशीला आईचं राजगिऱ्याचं पीठ संपलं होतं. चिऊ मोठ्या मनाने आपला डबा घेऊन आली. "आज्जी, माझ्यातलं घे." आईने डब्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "नको गो बाय. तुझ्या पिठाक बांगड्याचो हात लागलो हा." आणि रताळं उकडून खाल्लं. :)