कागदावरचं चितळ

हरणाच्या शिकारीसाठी रिव्हॉल्व्हर निवडायची वेळ भारतात दोनच प्रकारच्या माणसांवर येते. एक, ज्याला तुरुंगाची भीती उरलेली नाही तो. दुसरा, गोष्ट लिहिणारा. मी दुसऱ्या जातीचा. राहतो बंगळुरात, नोकरी संगणकाची, लिहितो मराठीत. बंदूक हातात धरली ती कॉलेजात एनसीसीला, तीही .२२ची रायफल, पालथं पडून. एवढ्या भांडवलावर एका दिवाळी अंकासाठी शिकारकथा लिहायला घेतली.

कथेचा नायक बंगळूरचा मराठी ओव्हरसियर. इथल्या मराठी माणसाला शहाजीराजांच्या जहागिरीपर्यंत मुळं नेऊन भिडवायची खोड असते, तशी मीही दोन परिच्छेद भिडवली. असो. १९३८ साल. हा ओव्हरसियर बंदीपूरच्या रानात रस्त्याच्या कामावर आहे. साहेबाने चारचौघांत अपमान केलाय. त्या संध्याकाळी तो एकटाच निघतो आणि चितळाचा नर मारतो. रिव्हॉल्व्हरने.

रायफल का नाही, असं कुणी विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं: रायफल साहेबाची, रिव्हॉल्व्हर कोटाच्या खिशात मावतं आणि रागाच्या भरात काढता येतं. उत्तर दिसायला बरं आहे, पण ते नंतर सुचलेलं. खरं म्हणजे हत्यारांचं माझं सगळं शिक्षण थेटरात झालं. शोलेतलं रामगड उभारलं ते रामनगरच्या खडकांत, इथून पन्नासेक किलोमीटरवर. सहापैकी तीन गोळ्या हवेत झाडून चक्र गरगर फिरवणारा गब्बर डोक्यात इतका घट्ट बसलेला की माणसाने हातात घ्यायचं हत्यार म्हणजे तेच, हे मी कधी तपासूनच पाहिलं नाही.

पहिल्या खर्ड्यात मी त्याच्या हाती .४४ मॅग्नम दिलं. तेही सिनेमातलंच, १९७१च्या डर्टी हॅरीतलं. ऑफिसात जेवताना मी ही गोष्ट एका कोडवा, म्हणजे कूर्गी, सहकाऱ्याला रंगवून सांगत होतो. कोडवांना पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि दुनळी बंदूक बाळगायला शस्त्र कायद्याच्या परवान्यातून सूट आहे. २०१९ साली केंद्राने ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. त्यांच्याकडे मुलगा झाला की एक बार, घरात कुणी गेलं की लागोपाठ दोन बार. कैलपोळ्दाच्या सणाला बंदुकीला फुलं वाहतात. अशा घरातल्या माणसापुढे मी मॅग्नमच्या गप्पा मारत होतो. त्याने डबा संपवला, हात धुऊन आला आणि म्हणाला, ते काडतूस १९५५ सालचं आहे, तुझ्या ओव्हरसियरला सतरा वर्षं थांबावं लागेल. मग, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, त्याने चितळाच्या शिंगांचं विचारलं. मी बारा टोकं लिहिली होती. चितळाला दोन्ही बाजूंची मिळून साधारण सहा. बारा टोकांचा बारशिंगा, आणि तो कान्ह्याकडचा; बंदीपुरात तो यायचा तर आगगाडीने.

इथे मी थांबायला हवं होतं. लाजलेला माणूस उलट्या टोकाला पळतो, तसा मी पळालो. मोठं चुकलं ना, मग लहान घेऊ. ठरवलं की .३२ द्यायचं. युक्तिवाद पक्का वाटत होता. .३२ लाँग हे काडतूस १८९६ पासून आहे, म्हणजे काळाचा घोळ मिटला. शिवाय आपल्याकडे सामान्य नागरिकाला आजही मिळतं ते मुख्यतः .३२च. .३८ आणि नऊ मिलिमीटर सैन्या-पोलिसांची, म्हणून प्रोहिबिटेड बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ बनतं, २०१४ साली बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं तेही .३२. मला वाटलं, अस्सल देशी तपशील सापडला. कायद्याने कुठलं हत्यार ठेवू दिलंय आणि जनावर कशाने मरतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे डोक्यातही आलं नाही.

खात्री करून घ्यायला एका बंदुकीच्या दुकानात गेलो. नाव सांगत नाही. दुकानदाराचा दोष काहीच नाही. आत जाऊन, आवाज शक्य तितका सहज ठेवत, विचारलं की हरणासाठी .३२ रिव्हॉल्व्हर चालेल का. त्याने चष्म्यावरून पाहिलं. ‘लायसन?’ म्हटलं, नाही. ‘हिरन किधर है?’ म्हटलं, गोष्टीत आहे. त्याला माझं हिंदी कळलं नाही की फारच नीट कळलं, देव जाणे. जोधपूरचं काळवीट प्रकरण पेपरात वाचलं नाही काय, वीस वर्षं कोर्टात खेटे घालावे लागतात, असं काहीसं पुटपुटत त्याने मला दार दाखवलं. बरोबरच केलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर या देशात तो प्रश्न दुकानात विचारायचा नसतो. मी मात्र घरी येऊन बायकोला सांगितलं की संशोधन चालू आहे.

संशोधनात मी वाचलं केनेथ अँडरसनला. चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची पुस्तकं हमखास सापडतात. तो आपल्याच गावचा, बंगळुरातच राहिला आणि १९७४ साली इथेच वारला. मी त्याची पानं उलटली ती नरभक्षक वाघ समोर येतो त्या प्रसंगांसाठी. मधली पानं, माग काढण्याची, वाट पाहण्याची, जखमी जनावरामागे झुडपात शिरण्याची, मी चाळली. चाळली हा शब्दही उदार झाला. त्याच्या हातात .४०५ विंचेस्टर रायफल होती, हे तर दिसूनही दिसलं नाही. मराठीत व्यंकटेश माडगूळकर स्वतः बंदूक चालवलेले. संडूरच्या घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे कर्नाटकचे अर्थमंत्री झाले, पण रानात त्यांचं नाव झालं ते कॅमेऱ्याने. कोल्हापूर दरबारी काळविटांवर चित्ते सोडायचे. मला हवे ते नमुने हाताशी होते, आणि त्यातल्या कुणीही हरणामागे रिव्हॉल्व्हर घेऊन धावलेलं माझ्या वाचनात नव्हतं. याचा अर्थ मी असा काढला की माझी कल्पना नवी आहे.

कथा छापायला जाण्याआधी एका माणसाने वाचली. आमच्या इमारतीत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार राहतात, मूळचे बेळगावकडचे. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पानं परत दिली आणि म्हणाले, ‘भाषा झ्याक हाय की. पन साठ पावलांवर बत्तीस? संध्याकाळच्या उजेडात? ह्यो ओव्हरसियर हाय का हनुमान?’

मग त्यांनी माझ्याच टेबलावरची पट्टी उचलली. रिव्हॉल्व्हरची फोरसाइट आणि मागची खाच यांत पंधरा सेंटिमीटर अंतर धर, म्हणाले. हात थरथरून फोरसाइटची माशी एक मिलिमीटर हलली. साठ मीटरवर गोळी किती सरकेल? मी संगणकवाला, गणित मलाच करायला लावलं. चाळीस सेंटिमीटर. रायफलीवर तेच अंतर साठ सेंटिमीटर धरलं तर दहा. आणि चितळाचं काळीज-फुप्फुस पुढच्या पायामागे वीतभर जागेत. बाकी सगळं पोट, मांडी, हवा. पंचवीस यार्डांच्या सरावात उभ्या माणसाएवढ्या लक्ष्याला साहेब लोकांची रिव्हॉल्व्हरं चुकताना आपण पाहिलीत, आणि ते साहेब रागावलेलेही नव्हते, हे त्यांनी शेवटी जोडलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा आकडे पाहिले. .३२ची गोळी नळीतून निघते तेव्हा तिच्यात सव्वाशे फूट-पाउंडांच्या आतलीच ऊर्जा. जुन्या वेब्लीच्या .३८०त पावणेदोनशेच्या आसपास. १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नममध्ये साडेपाचशेच्या घरात, .४४ मॅग्नममध्ये सातशेच्या वर, कधी नऊशेही. अँडरसनच्या .४०५त तीन हजारांहून जास्त. समोर सत्तर-ऐंशी किलोंचा नर, आणि अंतराबरोबर ऊर्जा घटतच जाणार. अमेरिकेत अनेक राज्यांत हॅन्डगनने हरीण मारायला कायदेशीर परवानगी आहे, पण तिथेही किमान ताकदीच्या अटी असतात. जे लोक मनापासून ती शिकार करतात ते मॅग्नम किंवा त्याहून जड काडतूस घेतात, लांब नळी घेतात, हात कशावर तरी टेकवतात आणि पन्नास पावलांच्या आत पोचल्याशिवाय चाप ओढत नाहीत. सगळी मेहनत त्या पन्नास पावलांत पोचण्याची. म्हणजे माझ्या पहिल्या खर्ड्यातलं .४४ निदान हरणाच्या दृष्टीने बरं होतं, फक्त साल चुकलं होतं. दुसऱ्या खर्ड्यात साल बरोबर आणि हरणाचे हाल.

आता कबूल करायची गोष्ट. हे सगळं कळलं तेव्हा कथा संपादकांकडे गेलेली होती, पण छपाईला नव्हती. एक फोन पुरला असता. मी केला नाही. दिवाळी अंकाच्या गडबडीत कोण बोअर मोजत बसतंय, हा हिशेब. त्यातून .३२ हा आकडा पानावर सुबक दिसत होता. कथा तशीच छापून आली: एक गोळी, आणि नर जागेवर कोसळतो, डोळ्यांत मावळतीचा उजेड वगैरे. त्या उजेडाचं दोघातिघांनी कौतुकही केलं.

मग पत्र आलं. चंद्रपूरकडच्या एका निवृत्त वनरक्षकाचं, पोस्टकार्ड नव्हे, दोन्ही बाजूंनी लिहिलेले फुलस्केप. रागाचा एक शब्द नाही. त्यांनी फक्त विचारलं होतं की तुमचं चितळ मेलं कुठे. जागेवर पडतं ते मणक्याला किंवा मेंदूला लागलं तर, त्यांनी लिहिलं. काळजात गोळी गेलेला नरसुद्धा शंभर पावलं पळतो. तुमच्या गोळीने ते पोटात जखमी झालं असणार. पोटाला लागलेलं जनावर पाठ कमानीसारखी करून, शेपूट दाबून चालतं, कळपातून बाजूला होतं. बारीक गोळीचं भोक आतल्या कोथळ्याने बुजतं, त्यामुळे रक्ताचा माग तुटक, दहा पावलांवर एक थेंब, मग तोही नाही. ते पाण्याकडे जातं. रात्रभर जगतं. दुसऱ्या दिवशी कावळ्यांवरून कळतं, नाहीतर रानकुत्र्यांना आधीच कळलेलं असतं. नोकरीत फासेपारध्यांपासून शौकीन पाहुण्यांपर्यंत सगळ्यांच्या मागे अशी जनावरं शोधत आपण हिंडलो, असं एकच वाक्य स्वतःबद्दल. खाली ‘आपला नम्र’.

पत्र वाचून मला लाज वाटली ती चुकीच्या आकड्याची नाही. बोअर, साल, शिंगांची टोकं, या दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी होत्या आणि कुणीतरी त्या दुरुस्त केल्याच असत्या. पण एवढा खटाटोप करताना मी हत्यार निवडलं ते ओव्हरसियरच्या रागाला शोभेल असं. कोटाचा खिसा पाहिला, आवाज पाहिला, सिनेमा पाहिला. चितळाकडे एकदाही पाहिलं नाही. ते माझ्या कथेत फक्त पडण्यासाठी उभं होतं. अँडरसनची चाळलेली पानं नेमकी तीच, जी वनरक्षकांनी फुलस्केपवर लिहून पाठवली होती.

कथासंग्रहाची वेळ आली तेव्हा कथा पुन्हा लिहिली. बंदीपुराच्या त्या भागात १९३१ सालीच मैसूरच्या महाराजांनी अभयारण्य राखलं होतं, म्हणजे माझा ओव्हरसियर मुळात चोरटा शिकारी ठरतो, हे तोवर कळलं होतं. ते मी कथेच्या फायद्याचं केलं, त्याला आवाजाची भीती दिली. रिव्हॉल्व्हर काढून टाकावं का, यावर काकांशी बराच खल झाला. ते म्हणाले, ठेव, चुकीचंच ठेव, पण मग त्याचा हिशेब फेड. म्हणून .३२ राहिलं. गोळी पोटाला लागते. ओव्हरसियर कंदील घेऊन रात्रभर त्या नरामागे फिरतो, एकेका थेंबावर वाळकी पानं ठेवत, आणि साहेबाचा अपमान पहाटेपर्यंत त्याच्या लक्षातही राहत नाही. ती पानं मी वनरक्षकांना पाठवली. त्यांनी दोन ठिकाणी वाऱ्याची दिशा बदलायला सांगितली.

प्रकाशकांना कथा आवडली. माग काढण्याचा भाग लांबतो, वाचक कंटाळतो, एवढंच त्यांचं म्हणणं. चार पानांची दीड पानं करता येतील का? मी दोन दिवस कुरकुर केली आणि करून दिली. पुस्तक येऊन वर्ष होत आलं. कोडवा मित्राला मराठी येत नाही हे बरं आहे. काकांना दिलेल्या प्रतीत मी कापलेली पानं टाईप करून मध्ये घातलीत. चंद्रपूरला प्रत अजून पाठवलेली नाही.