डॉजर स्टेडियम बघायला जाताना

आपली बरीच मुलं-मुली आता शिकायला, नोकरीला अमेरिकेत आहेत. त्यातलं कुणी लॉस एंजेलिसला पोचलं की आम्हाला विचारणा होते, इथं काय बघावं? हॉलिवूडची पाटी आणि समुद्रकिनारा दाखवायला बाकीचे पुष्कळ आहेत. आम्ही सांगतो, डॉजर स्टेडियम बघा. बेसबॉल कळत नसला तरी चालेल. पण तिथं काय बघायचं आणि काय विचारायचं, हे आधी माहीत असलेलं बरं.

जमलं तर १५ एप्रिलची मॅच गाठा. संघ त्या दिवशी घरच्या मैदानावर आहे का, ते वेळापत्रकात पाहून घ्या. आदल्या दिवशी आपली भीमजयंती झालेली असते, अंगावरचा गुलाल पुरता उतरलेला नसतो. १९४७ साली १५ एप्रिललाच जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मोठ्या लीगनं काळ्या खेळाडूंवर टाकलेला बहिष्कार मोडला. हा बहिष्कार कुठल्या नियमाच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. लिहून न ठेवता पिढ्यानपिढ्या पाळलेला बहिष्कार कसा असतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आता दरवर्षी त्या दिवशी लीगमधले सगळे खेळाडू ४२ नंबरची जर्सी घालतात. रॉबिन्सनचा हा नंबर १९९७ साली सगळ्याच संघांनी निवृत्त केला.

गाडी घेऊन जाऊ नका. मॅचच्या दिवशी युनियन स्टेशनवरून डॉजर स्टेडियम एक्स्प्रेस बस सुटते, मॅचचं तिकीट असलं की भाडं पडत नाही. मात्र जिथं तुम्ही बसची रांग लावता, तिथं पूर्वी चिनी लोकांची वस्ती होती. स्टेशनसाठी ती पाडली आणि १९३९ साली स्टेशन सुरू झालं. म्हणजे स्टेडियमला पोचायच्या आधीच एक उठवलेली वस्ती तुमच्या पायाखाली येते.

बॅग पारदर्शक हवी. घरचं खाणं त्यातून नेता येतं, पाण्याची सीलबंद बाटलीही. आम्ही चपातीचे रोल नेले होते, कुणी हटकलं नाही. डॉजर डॉग नावाचं लांबलचक हॉट डॉग एकदा खाऊन बघायला हरकत नाही, पण पोट भरायचं ते घरच्या डब्यानंच. दुपारची मॅच असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूची जागा घ्या, तिकडं सावली आधी येते. आम्ही अगदी वरच्या मजल्यावर बसलो. तिथली तिकिटं त्यातल्या त्यात स्वस्त असतात, आणि समोर सॅन गॅब्रिएलचे डोंगर दिसतात. स्टेडियम टेकडीत कोरल्यासारखं बांधलंय. पार्किंगही उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी आहे, त्यामुळं बहुतेक मजल्यांवर थेट बाहेरून जाता येतं. १९६२ साली उघडलेलं हे स्टेडियम आज मोठ्या लीगमध्ये वयानं तिसरं आणि ५६ हजार आसनांमुळं आकारानं पहिलं आहे.

आता रॉबिन्सनचा पुतळा. २०१७ साली बसवला, हल्ली तो सेंटरफिल्डच्या मागच्या चौकात आहे. होम प्लेट चोरण्यासाठी घसरत येणारा तरुण रॉबिन्सन आहे तो. फोटो जरूर काढा, आम्हीही काढला. पण एक गोष्ट लक्षात असू द्या. रॉबिन्सन या मैदानावर डॉजर्सकडून एकही मॅच खेळलेला नाही. १९५६ च्या हंगामानंतर त्यानं खेळ सोडला, संघ ब्रुकलिनहून इकडं आला तो १९५८ साली. तो वाढला मात्र इथून जवळच्याच पॅसाडेनात. त्याचा थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरमध्ये जेसी ओवेन्सच्या मागोमाग रौप्यपदक घेऊन आला, आणि त्याच पॅसाडेनात त्यानं रस्ते झाडले.

पुतळ्यासमोर उभं राहून विचारायचा प्रश्न असा, की खेळायला घेतलं, पण कारभार कधी हातात दिला? १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजच्या वेळी सत्कार झाला तेव्हा रॉबिन्सननं हेच बोलून दाखवलं होतं. संघ चालवताना एखादा काळा माणूस दिसला तर आपल्याला जास्त आनंद होईल, असं तो म्हणाला. नऊ दिवसांनी तो वारला. पुढं १९८७ साली, त्याच्या पदार्पणाला चाळीस वर्षं झाली म्हणून टीव्हीवर कार्यक्रम होता. डॉजर्सचे जनरल मॅनेजर अल कॅम्पॅनिस पाहुणे होते. काळी माणसं मॅनेजर का नाहीत, असं विचारल्यावर ते म्हणाले की त्या कामाला लागणारे काही गुण त्यांच्यात नसावेत. हा माणूस १९४६ साली रॉबिन्सनच्या शेजारी उभा राहून खेळलेला होता! दोन दिवसांत त्यांची खुर्ची गेली. पण त्या बोलण्यातला 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पळवंकर बाळूंनी हिंदूंच्या संघाला सामने जिंकून दिले, पण त्यांना कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्या वाट्याला आलं. रॉबिन्सनच्या डॉजर्सना पहिला गोरेतर मॅनेजर, डेव्ह रॉबर्ट्स, मिळाला तो २०१६ च्या हंगामात.

आणि मग जमीन. स्टेडियमच्या गाइडनं इथं सर्वांत जास्त वेळ थांबायला हवं.

या टेकड्यांना चावेझ रवीन म्हणतात. पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या इथं होत्या. माणसं बहुतेक मेक्सिकन वंशाची, कष्टकरी. शहरात इतर ठिकाणी त्यांना घर मिळू दिलं जात नव्हतं, म्हणून इथं त्यांनी आपली घरं, शाळा, चर्च उभं केलं, कोंबड्या-बकऱ्या पाळल्या. बाहेरच्यांना ती झोपडपट्टी दिसली. जुलै १९५० मध्ये गृहनिर्माण खात्याची पत्रं आली. इथं सार्वजनिक घरकुल योजना होणार, घरं विका, नव्या इमारतीत पहिला हक्क तुमचा. रिचर्ड न्यूट्रासारख्या नामवंत वास्तुविशारदानं आराखडे काढले.

आपल्याकडचे मित्र सरळ म्हणतात, बेसबॉलवाल्यांनी वस्ती उठवली. ते खरं नाही, आणि खरं आहे ते जास्त बोचणारं आहे. वस्तीतली बहुतेक घरं गरिबांच्या भल्याच्या नावानं रिकामी झाली. त्यानंतर सार्वजनिक घरं म्हणजे कम्युनिझम अशी ओरड झाली. योजनेचा खंदा पुरस्कर्ता, खात्यातलाच अधिकारी फ्रँक विल्किन्सन, याला त्याच्या राजकीय संबंधांबद्दल जाब विचारून नोकरीवरून काढलं. १९५३ साली योजनेचा विरोधक नॉरिस पॉल्सन महापौर झाला आणि घरकुलं बारगळली. जमीन शहराकडं आली ती सार्वजनिक कामासाठी वापरायची, या अटीवर. ते सार्वजनिक काम म्हणजे खासगी मालकाचं बेसबॉल स्टेडियम निघालं. १९५८ साली सार्वमत घेतलं, थोड्या फरकानं स्टेडियमच्या बाजूनं कौल लागला. बहुसंख्येनं मत देऊन अल्पसंख्येची जमीन कशी घेता येते, त्याचा हा धडा.

८ मे १९५९ ला उरलेल्या आरेचिगा कुटुंबाला पोलिसांनी बाहेर काढलं. एका बाईला हातपाय धरून उचलून नेलं, तो फोटो आजही सगळीकडं दिसतो. कुटुंब कित्येक दिवस तिथंच उघड्यावर राहिलं. मग वर्तमानपत्रांनी बातमी दिली, की यांची शहरात आणखी घरं आहेत. झालं, लोकांची सहानुभूती आटली. आम्हाला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला हक्क मागायचा त्यानं आधी पुरेसं कंगाल असल्याचा दाखला आणावा, ही अट तिथंही होती.

याच मेक्सिकन लोकांना स्टेडियममध्ये आणलं ते १९८१ साली फर्नांडो व्हॅलेन्झुएला नावाच्या वीस वर्षांच्या पिचरनं. सोनोरातल्या खेड्यातलं शेतकऱ्याचं पोर. आज स्टँडमध्ये स्पॅनिश इंग्रजीइतकीच ऐकू येते. आमच्या शेजारच्या आजी गळ्यात ३४ नंबरचं लॉकेट घालून आल्या होत्या. तो फर्नांडोचा नंबर. जमिनीचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या बापानं इथं कधी पाय ठेवला नाही. मी येते." दोघांचंही आम्हाला पटलं.

उठवलेल्या लोकांची मुलं-नातवंडं स्वतःला 'लॉस देस्तेर्रादोस', म्हणजे मुळापासून उखडलेले, म्हणवतात आणि शेजारच्या एलिसियन पार्कमध्ये वर्षातून एकदा जमतात. २०२४ साली भरपाईचा अभ्यास करण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं विधेयक मंजूर केलं, गव्हर्नरांनी ते अडवलं.

मॅच संपली की बससाठी मोठी रांग लागते. तेवढ्या वेळात तिसऱ्या बेसच्या मागं, वायव्येकडच्या पार्किंगकडं चालत जा. पालो वेर्देची प्राथमिक शाळा तिथं आहे. तिचं छप्पर काढलं, वर्गांत माती भरली आणि वरून सपाट केलं. आता वर डांबर आहे, आणि गाड्या लावण्यासाठी आखलेले पांढरे पट्टे.